सिबिल 591 आहे, एजंट 25,000 मागतोय, द्यावेत का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे 33 वर्षांचे, चाकणला नोकरी, हातात पगार 38,000. 2019 मध्ये हप्त्यावर बाईक घेतली. लॉकडाऊननंतर काम सुटलं, सात हप्ते थकले. 2022 मध्ये ते सगळे भरले, तरी सिबिल रिपोर्टात, म्हणजे कर्जांच्या परतफेडीच्या नोंदीत, त्या खात्यावर 3,140 रुपये थकीत आणि शेजारी 'रिटन ऑफ' (कंपनीने बुडीत धरून सोडलेलं) दिसतंय. क्रेडिट कार्डाचे 46,000 अंगावर होते, ते 2021 मध्ये वसुलीवाल्याशी बोलून 18,000 मध्ये 'सेटल' केले. 12,499 रुपयांचं मोबाइलचं एक कर्ज नावावर आहे, जे यांनी घेतलेलंच नाही. वर मेव्हण्याच्या पिकअपच्या कर्जाला हे जामीन. वर्षभरात 18 लाखांचं होम लोन काढायचंय. आणि एक जण म्हणतोय, 25,000 द्या, 45 दिवसांत 750 करून देतो.

देऊ नका.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर लोकांचे रिपोर्ट वाचून देतो. 'सिबिल क्लिअर करून मिळेल' असे कागद एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेले असतात, त्यातल्या काहींचं कामही जवळून पाहिलंय. ते करतात काय, तर तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी घेऊन तुमच्याच नावाने सिबिलच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म भरतात. हा फॉर्म फुकट आहे. चुकीची नोंद असेल तर ती तुम्ही भरलेल्या फॉर्मनेही निघते, आणि खरी नोंद असेल तर कोणाच्या बापाला ती काढता येत नाही, कारण सिबिल स्वतःहून काहीच बदलत नाही. ज्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने माहिती पाठवली, तिने 'हो, चुकलं' म्हटल्यावरच ओळ बदलते. मग त्या 25,000 मध्ये तुम्ही विकत काय घेताय? शिवाय ओटीपी परक्याच्या हातात. तुमच्या नावावर आधीच एक न घेतलेलं कर्ज आहे, हे विसरू नका.

दुसरं म्हणजे 591 या आकड्याकडे बघणं आता जरा सोडा. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, त्याचं सूत्र कोणी जाहीर करत नाही, आणि तो थेट वाढवता येत नाही. तो रिपोर्टातल्या ओळींवरून निघतो. होम लोनची फाइल ज्याच्या टेबलावर जाते तो आकडा बघतो आणि लगेच खाली ओळी वाचायला लागतो. 720 स्कोअर असलेली फाइल एका 'रिटन ऑफ'वरून परत गेलेली मी पाहिली आहे, आणि 680 ची मंजूर झालेलीही, कारण तिच्यात जुना डाग होता पण तो मिटलेला होता. त्यामुळे आपलं काम ओळींवर.

आधी रिपोर्ट नीट मिळवा. तुम्ही पाठवलेला फोटो कुठल्या तरी कर्जाच्या अ‍ॅपमधला आहे, त्यात निम्मी माहिती नाही. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2017 पासून प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. साइटवर पैसे भरायचा प्लॅन मोठ्या अक्षरांत असतो आणि फुकटचा दुवा शोधावा लागतो, पण तो असतो. चारही काढा. एकीकडे बंद दाखवलेलं खातं दुसरीकडे चालू असतं, असं नेहमी होतं. आपला रिपोर्ट आपणच बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. तो कमी होतो कर्जाचे अर्ज टाकल्याने. 'बघू तरी मिळतं का' म्हणून तुम्ही गेल्या तीन महिन्यांत पाच ठिकाणी अर्ज केलेत, त्या पाचही चौकश्या रिपोर्टाच्या शेवटी दिसताहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आजपासून एकही अर्ज नको.

आता बाईकच्या खात्यातली महिन्यांची रांग बघा. प्रत्येक महिन्याखाली तीन आकडे असतात. त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकलेला होता, ते त्यात असतं. 000 म्हणजे वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. नव्वदच्या पुढे गेलं की खातं बुडीतच्या वाटेला लागलं, एनपीए. ही रांग 36 महिन्यांची असते. तुमची कार्डाची रांग 2021 मध्येच थांबली आहे. वाईट आहे, पण जुनी आहे. बाईकची मात्र अजून चालू आहे! खातं बंदच झालेलं नसल्यामुळे कंपनी दर वेळी 'अजून थकीत, अजून थकीत' असं कळवत राहते. 2022 मध्ये पैसे भरूनही गेल्या महिन्याच्या चौकोनात तीन आकडी उशीर आहे. त्यामुळे तुम्ही कार्डाच्या न भरलेल्या 28,000 ची काळजी करत बसलात, तरी दर महिन्याला ताजा डाग पाडतंय ते हे 3,140. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे 3,140 बहुतेक चेक बाउन्सचे आणि दंडाचे असतील. तुम्ही सात हप्ते मोजून भरलेत, त्यावरचे आकार कोणी सांगितले नाहीत किंवा तुम्ही विचारले नाहीत. एक शिक्षक माझ्याकडे आले होते. त्यांचं घराचं कर्ज अडलं होतं 412 रुपयांवर. बंद केलेल्या कार्डाची वार्षिक फी होती ती. असं सर्रास होतं.

काय करायचं, तर शाखेत जाऊन किंवा मेल करून खात्याचा पूर्ण उतारा मागा. 3,140 कशाचे आहेत ते त्यात दिसेल. आणि इथे एक जपा. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, 'सर, 1,500 भरा, बाकीचं माफ करून टाकतो.' घेऊ नका. माफी घेतलीत की खातं 'क्लोज्ड'च्या ऐवजी 'सेटल्ड' म्हणून जाण्याची शक्यता आहे, आणि दीड हजार वाचवायला तुम्ही पुढची सात-आठ वर्षं तो शब्द वागवाल. पूर्ण भरा, पावती घ्या, आणि एनओसीत (ना-हरकत पत्रात) 'संपूर्ण रक्कम मिळाली, काहीही येणे बाकी नाही' असं स्वच्छ लिहून घ्या. त्याच वेळी लेखी मागणी करा की खातं क्लोज्ड दाखवावं, थकीत रक्कम शून्य करावी, आणि हप्ते 2022 मध्येच भरलेले असतील तर 'रिटन ऑफ' कोणत्या तारखेला आणि का टाकलं ते कळवावं. हप्ते भरल्याच्या पावत्या त्याच्या आधीच्या असतील तर तो शेरा चुकीचा आहे आणि तो काढायला लावता येतो. गाडीच्या आरसीवरही कंपनीचा बोजा अजून असणार. एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत तो उतरवून टाका. रिपोर्टाशी त्याचा संबंध नाही, पण गाडी विकताना हाच कागद शोधत बसाल.

मोबाइलच्या कर्जाकडे येऊ. आधी घरात विचारा. रागावू नका, पण निम्म्या वेळा भाऊ, भाचा किंवा दुकानदार मित्राने तुमच्या कागदावर ते काढलेलं असतं. खरोखरच कोणी नसेल, तर दोन तक्रारी एकाच दिवशी करा. पहिली सिबिलच्या साइटवर, 'हे खातं माझं नाही' हा पर्याय निवडून. दुसरी त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने. मेलमध्ये रामायण नको, एवढंच लिहा:

'माझ्या पॅनवर अमुक क्रमांकाचे 12,499 रुपयांचे कर्ज दिसते. ते मी घेतलेले नाही. अर्ज, केवायसीचे कागद, अर्जदाराचा फोटो, ओटीपी गेलेला मोबाइल क्रमांक आणि रक्कम कोणत्या दुकानाला दिली त्याचा तपशील द्यावा. ते देता येत नसल्यास ही नोंद माझ्या नावावरून काढण्यासाठी चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावे.'

या मेलला उत्तर देणं त्यांना अवघड जातं. ओटीपी तुमच्या नंबरवर गेलेला नसेल तर विषय तिथेच संपतो. फसवणूक दिसत असेल तर 1930 वर फोन करून किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक याच मेलच्या खाली टाका. आणि हे 12,499 'जाऊ दे, कटकट नको' म्हणून भरू नका. भरलं म्हणजे कर्ज तुमचं होतं असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं.

तक्रारीला घड्याळ लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमची तक्रार 30 दिवसांत मिटवावी लागते. त्यातले 21 दिवस दुरुस्त माहिती पाठवायला बँकेला, उरलेले सिबिलसारख्या कंपनीला. उशीर झाला तर ज्याच्यामुळे झाला त्याने तुम्हाला दर दिवसाला 100 रुपये द्यायचे. एप्रिल 2024 पासून हा नियम लागू झाला. रक्कम किरकोळ आहे, पण स्मरणपत्रात 'आज 30 दिवस पूर्ण झाले, यापुढे भरपाई लागू' एवढं एक वाक्य टाकलं की फाइल हलते, हा माझा अनुभव. तरीही नाही हललं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. 2022 पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. पण आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे तक्रार करून तीस दिवस वाट पाहिल्याचा कागद हातात हवा, नाहीतर लोकपाल ती परत करतो. म्हणून सगळं लेखी. फोनवर मिळालेलं 'हो सर, करतो' कुठेच चालत नाही.

कार्डाचं सेटलमेंट हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कठीण प्रकरण, आणि इथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. साल 2008-09 असेल. एक ग्राहक अशाच कार्डाच्या थकबाकीत अडकले होते. मीच त्यांना म्हणालो, 'वन टाइम सेटलमेंट करून टाका, मिटून जाईल.' त्यांनी केलं, फोन बंद झाले, मला पेढे आणून दिले. पुढे काही वर्षांनी ते मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी आले. त्यात पालक सहकर्जदार असतो, त्यामुळे वडिलांचाही रिपोर्ट निघाला. 'सेटल्ड.' साहेबांनी फाइल बाजूला ठेवली. मी त्यांना काय सांगायचं? मिटून जाईल म्हणणारा मीच होतो. तेव्हापासून हा शब्द मी कोणाला हलक्याने वापरू देत नाही. वसुलीवाला 'सेटल' म्हणतो त्याचा अर्थ तुम्हाला 'हिशेब मिटला' असा लागतो. पुढची बँक मात्र 'याने 46 मधले 18 दिले आणि 28 बुडवले' असा वाचते.

मग आता ते 28,000 भरावेत का? तुमच्या बाबतीत माझं मत, हो, कारण होम लोन हवंय. पण पैसे आधी आणि पत्र नंतर, असं कधीही करू नका. कार्डाच्या बँकेला मेल करा: सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम मी भरायला तयार आहे, ती किती आहे, आणि भरल्यावर खातं 'सेटल्ड'ऐवजी 'क्लोज्ड' म्हणून कळवाल का, ते लेखी द्या. काही बँका निव्वळ 28,000 सांगतात, काही त्यावर व्याज लावून भलताच आकडा काढतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, काही ठिकाणी त्याहूनही जास्त असतं, म्हणजे वर्षाला 42 किंवा वर. तेव्हा घासाघीस करा, व्याज सोडायला सांगा. कधी खातं वसुलीसाठी दुसऱ्याच कंपनीला विकलेलं असतं, मग पत्र त्या कंपनीकडून हवं. आणि भरून झाल्यावर जुन्या रांगेतले उशीर पुसले जात नाहीत. बदलतो तो फक्त खात्यावरचा शेरा. होम लोनच्या टेबलावर नेमका तोच वाचला जातो, म्हणून पैसे घालायचे. एजंटचे 25,000 वाचले ना? ते इथे लावा. चक्क बाईकसकट सगळं मिटायला आणखी सहा-सात हजार लागतील, एवढंच.

एक जण खाली विचारेल म्हणून सांगतो: 'तीन वर्षं झाली की कर्ज संपतं ना?' मुदतीच्या कायद्याने साधारण तीन वर्षांनंतर दावा लावता येत नाही, पण रिपोर्टातली नोंद त्याने जात नाही. ही माहिती किमान सात वर्षं जपली जाते.

मेव्हण्याचा जामीन तुम्ही प्रश्नात शेवटी, एका ओळीत लिहिलात. मला तो जास्त टोचतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, हे 1872 च्या करार कायद्यातच आहे. ते कर्ज तुमच्या रिपोर्टात तुमच्या खात्यांच्या शेजारी बसलेलं आहे आणि त्याच्या रांगेत 011, 009, 012 असे आकडे आहेत. म्हणजे तो पैसे बुडवत नाही, दर महिन्याला दहा-बारा दिवस उशिरा भरतो. तुम्ही लिहिलंय की पिकअपच्या भाड्याचे पैसे त्याला पंधरा तारखेला मिळतात. हप्ता पाच तारखेचा. मग दर महिन्याला पाचला खातं रिकामं, बाउन्सचा दंड, आणि पंधराला भरणा! हप्त्याची तारीख पुढे ढकलून मिळते का ते कंपनीला विचारायला लावा. बऱ्याच ठिकाणी अर्ज आणि नवं मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) दिलं की होतं. जामीनातून एकतर्फी बाहेर पडता येत नाही, दुसरा जामीनदार दिला आणि कंपनीने तो मान्य केला तरच.

हे सगळं चालू असताना चांगल्या ओळीही तयार व्हायला हव्यात. नुसते डाग मिटवून रिपोर्ट रिकामा राहिला तर बँकेला वाचायला काहीच नसतं. तुम्हाला साधं कार्ड आज कोणी देणार नाही. बँकेत 20,000 ची एफडी करून तिच्यावर कार्ड घ्या, ते सहसा मिळतं, कारण पैसे त्यांच्याच तिजोरीत असतात. त्यावर फक्त मोबाइलचं आणि विजेचं बिल लावा. मर्यादा 16-18 हजार असेल तर वापर चार-पाच हजारांच्या वर नको. कार्ड काठोकाठ वापरणारा माणूस अडचणीत आहे असं गणित धरतं. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल असं लावून ठेवा. किमान रकमेच्या चौकटीला हातही लावू नका, तिनेच तुमचे 46,000 केले होते. देय तारखेनंतर तीन दिवसांची सवलत असते, त्याच्या आत भरलं तर उशीर म्हणून कळवलं जात नाही, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. दुकानातलं 'झिरो कॉस्ट ईएमआय' हेही कर्जच असतं, वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नका. सोनं ठेवून कर्ज काढलंत तर तीही नोंद होते. सोडवायची तारीख चुकणार असेल तर नकोच.

वेळेचं खरं सांगतो. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागू लागली, पूर्वी महिन्याला जायची. त्यामुळे बाईकचं खातं बंद झाल्याचा परिणाम एक-दोन महिन्यांत दिसू शकतो. बनावट कर्ज निघालं तर त्याचाही. कार्डाला पत्रव्यवहारातच तीन-चार महिने जातील. वर्षाने 750 होईल असं मी सांगणार नाही. सातशेच्या आसपास पोचलात आणि वरच्या ओळी स्वच्छ असल्या, तरी फाइल उभी राहते. पण जमत असेल तर दीड वर्ष थांबा. बऱ्याच बँकांचा होम लोनचा दर स्कोअरवर ठरतो. 18 लाख, 20 वर्षं धरा: साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण 15,620 येतो, सव्वानऊने 16,485. महिन्याला 865 चा फरक, वीस वर्षांत दोन लाखांच्या वर. फ्लॅटवाला 'बुकिंग आत्ताच करा' म्हणेल. त्याला म्हणू द्या.

सोमवारी बाईकच्या कंपनीत जा, बरोबर 2022 च्या पावत्या न्या, आणि उताऱ्यासाठीच्या अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मेव्हण्याशी तारखेचं बोलायचं काम मात्र तुम्ही करू नका. ते त्याच्या बहिणीवर सोपवा.